‘बंद’ म्हणजे काय बंद?

काकूंच्या दारात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मी विचारलं, “काकू, खोली आहे का भाड्यानं द्यायची?”

“आहे,” त्या म्हणाल्या, आणि दारातच उभ्या राहिल्या.

मी थांबले. त्याही थांबल्या. मधे त्यांच्या अंगणातला कढीपत्ता हलत होता.

“बघता येईल का?”

“येईल ना. काहून नाही?”

पुन्हा दोघी उभ्या. मला वाटलं, बाईंना खोली द्यायची नाही, पण तोंडावर नाही म्हणवत नाही. मी बॅग उचलली आणि शेवटचं म्हणून म्हटलं, “मग मला आत्ता खोली दाखवता का?”

“हां!” त्या लगेच वळल्या. “आता सांगितलं तू. आतापर्यंत नुसती विचारून राह्यली होती.”

यवतमाळातल्या त्या घरात मी दोन वर्षं राहिले. आता काकू पुसदला धाकट्या बहिणीकडे असतात, तब्येत ठणठणीत आहे, आणि फोन केला की अजूनही पहिल्यांदा विचारतात, “कामाचा आहे की सहज?” सहज असेल तर खुर्चीवर बसून बोलतात, कामाचा असेल तर उभ्यानं.

काकूंनी लग्न केलं नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. आधी दारव्ह्याला, मग पुसदला, शेवटची वर्षं यवतमाळला. माझ्या वयाच्या मुलींना त्या नोकरीत काय असायचं ते सांगूनही कळत नाही. त्या काळी दुसऱ्या गावी बोलायचं तर आधी ऑपरेटरला फोन लावायचा, गाव आणि नंबर सांगायचा, मग ती समोरच्या फळीवर एका भोकातली वायर काढून दुसऱ्या भोकात खोचायची, तिकडच्या ऑपरेटरला हाक मारायची, आणि दोन माणसं जोडून द्यायची. ऑपरेटरला ना इकडचा माणूस दिसायचा ना तिकडचा. तिच्या हातात फक्त शब्द यायचे.

त्या शब्दांनीच काकूंना असं करून ठेवलं असावं. त्यांच्या घरात जागोजागी चिठ्ठ्या होत्या. लोक दिव्याच्या बटणावर ‘व्हरांडा’ लिहितात. काकूंनी लिहिलं होतं, ‘हे दाबल्यावर बाहेरचा दिवा लागतो. आत अंधारच राहतो.’ स्वयंपाकघरात एका बरणीवर, ‘मीठ आहे. साखरेसारखं दिसते म्हणून लिहिलं.’ गच्चीकडे जाणाऱ्या पाण्याच्या कॉकवर तर अख्खा पुठ्ठा टांगला होता: ‘अर्धा फिरवल्यास वरचं पाणी बंद होते. पूर्ण फिरवल्यास वरचं आणि खालचं दोन्ही बंद होते. खाली कोणी आंघोळीला गेलं आहे का, हे ओरडून विचारल्याशिवाय पूर्ण फिरवू नये.’ पहिल्या आठवड्यात मी हसले. दुसऱ्या आठवड्यात अंगाला साबण लावलेला असताना वरून काकूंची हाक आली, “आत आहेस काय व?” आणि माझं हसणं बंद झालं.

‘वगैरे’ या शब्दावर त्यांचा राग होता. पेपर वाचताना लाल पेन घेऊन बसायच्या आणि ‘इत्यादी’, ‘वगैरे’, ‘संबंधित’ दिसलं की गोल करायच्या. “वगैरे म्हणजे काय ठाऊक आहे? सांगणाऱ्याचं काम ऐकणाऱ्याच्या गळ्यात बांधलं.” भाजीवाल्याला “थोडी कोथिंबीर दे” म्हणताना मी त्यांना कधीच ऐकलं नाही. मुठीनं दाखवायच्या. आणि गप्पा मारता मारता मधेच थबकून म्हणायच्या, “तीन मिनिटं झाली. वाढवायचं काय?” जुन्या ट्रंक कॉलला तीन मिनिटांनी असंच विचारावं लागे. सुरुवातीला मला ती गंमत वाटली, मग कळलं की त्या खरंच उत्तराची वाट पाहतात. नको म्हटलं तर उठून जातात, आणि राग धरत नाहीत.

माझं गाव केळापूरजवळ. कॉम्प्युटरचं शिक्षण करून मी यवतमाळच्या एका छोट्या ऑफिसात लागले होते. आम्ही चौघं, आणि आमचे सर. आम्ही शेतातल्या मोटरीसाठी एक डबी बनवायचो. डबीत सिमकार्ड, त्यामुळे विहिरीवरची मोटर घरबसल्या फोनवरून लावता यायची. अशा डब्या बाजारात पुष्कळ. सरांना पुढचं करायचं होतं: शेतकऱ्यानं बटणं दाबत बसू नये, आपल्या बोलीत नुसतं बोलावं, आणि एआयनं ऐकून, समजून, काय करायचं ते ठरवून करावं. असं स्वतः ठरवून काम करणाऱ्या एआयला एजंट म्हणतात. आमच्या एजंटला आम्ही पाच कामं करायची मुभा दिली होती. अशा एकेका कामाला टूल म्हणतात. प्रत्येक टूलला एक नाव असतं आणि त्याखाली चार शब्दांत वर्णन. एजंटला मोटर दिसत नाही, विहीर दिसत नाही, शेतकरी दिसत नाही. तो ती वर्णनं वाचतो आणि त्यावरून ठरवतो, आत्ता यांतलं कोणतं वापरू.

वर्णनं लिहायचं काम माझ्याकडे होतं. मला ते हलकं काम वाटत होतं. खरं काम म्हणजे प्रोग्राम, वर्णन काय, कोणीही लिहील.

एका रविवारी सकाळी मी ओसरीत लॅपटॉप घेऊन बसले होते. काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मागून वाकून त्यांनी पडद्यावर पाहिलं.

“हे कोणाले लिहिलं?”

“मशीनला.”

“मशीननं मोटर पाह्यली आहे?”

“नाही.”

“मग ‘बंद: मोटर बंद करते’ वाचून त्याले काय समजंल? ‘पाणी: पाणी आहे’ असं लिहिल्यासारखं झालं हे.”

मी म्हटलं, “काकू, ते फार हुशार असतं.”

“हुशार माणूसच तं चुकीच्या भोकात पिन खोचते,” काकू म्हणाल्या. “बिनहुशार इचारते.”

मग त्यांनी हात पुसले आणि मला पाचही टूलं पाच कागदांवर लिहायला लावली. जशी पडद्यावर होती तशीच. चालू, बंद, वेळ, स्थिती, कुलूप. कागद समोर मांडून त्या ताठ बसल्या, केस कानामागं सारले, जसं काही डोक्यावर हेडफोनच चढवला.

“मी ऑपरेटर. तू शेतकरी. बोल. मले यवतमाळची हवा नाही माहीत, तुही मोटर नाही माहीत. मले फक्त हे पाच कागद माहीत.”

“मोटर लाव.”

त्यांनी ‘चालू’ उचललं. “पुढं.”

“मोटर बंद कर, मले विहिरीत उतरायचं आहे.”

त्यांनी ‘बंद’ उचललं.

“अहो काकू, इथं कुलूप हवं!”

“काहून?”

“कारण डबीत ऑटो असतं. लाईट गेली आणि परत आली की मोटर आपोआप लागते. त्यासाठीच तर लोक डबी घेतात, दर वेळी शेतात पळायला नको म्हणून. माणूस खाली असताना लाईट आली तर…”

मी बोलता बोलता थांबले. काकूंनी ‘कुलूप’चा कागद डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्यानं वाचला. “ऑटो मोड निष्क्रिय करून रिले लॉक करते.” मग उलटून मागं काही लिहिलंय का ते पाहिलं. “यात विहीर कुठं आहे? माणूस कुठं आहे? आणि हे,” त्यांनी दुसरा कागद हलवला, “बंद म्हणजे काय बंद? आत्तापुरती, आजची, का मी सांगीन तोवर? तुही बंद ही बंद नाहीच, पोरी. ती निस्ती थांब आहे.”

शेंगा तशाच राहिल्या. काकूंनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, एक्स्चेंजच्या रजिस्टरमध्ये लिहावं तशा कोरीव अक्षरात लिहिलं. ते पान माझ्याकडे आहे. बोलताना काकू वऱ्हाडी बोलत, लिहिताना शाळेतल्यासारखं.

‘बंद: मोटर आत्ता थांबवते. लाईट जाऊन परत आली की मोटर आपोआप लागते. ओलित झालं, पाणी पुरे झालं असं कोणी म्हटलं तर हे वापरावं. कोणी विहिरीत उतरणार असेल, केबलला, मोटरला किंवा पाईपला हात लावणार असेल तर हे वापरू नये, कुलूप वापरावं. दोन्हींतलं कोणतं हे कळत नसेल तर विचारावं. अंदाज करू नये.’

‘कुलूप: मोटर थांबवते आणि लाईट आली तरी लागू देत नाही. ज्यानं लावायला सांगितलं, त्यानंच वर येऊन काढ म्हटल्याशिवाय काढू नये, दुसरं कोणी कितीही म्हणो. लावताना कारण लिहून ठेवावं. सांगणाऱ्याच्या तोंडचे शब्द, जसेच्या तसे.’

“शब्द जसेच्या तसे कशाला?” मी विचारलं.

“निरोपाची भाषा आपण सुधारली की निरोप बदलते,” काकू म्हणाल्या, आणि शेंगांकडे वळल्या.

सोमवारी सरांनी ते वाचलं. “हे वर्णन आहे की निबंध?” ते हसून म्हणाले. सर वाईट नव्हते. घाईत होते. दारव्ह्याकडच्या एका गावात शेतकऱ्यांच्या गटाला डबी द्यायची होती आणि त्यांना सगळं चटपटीत हवं होतं. “प्रत्येक वेळी मशीन हे एवढं वाचणार. उत्तर यायला वेळ लागतो. दोन ओळींत बसव. त्याला समजतं गं.”

मी दोन ओळींत बसवलं. ‘बंद: मोटर बंद करते. ऑटो मोड सुरूच राहतो. कुलूप: देखभालीसाठी मोटर लॉक करते.’ मला ते चांगलंही वाटलं, नेटकं. संध्याकाळी काकूंना दाखवलं. त्यांनी वाचलं, कागदाची घडी केली, परत दिली.  रात्री जेवणं झाली. ताटं उचलून झाल्यावर म्हणाल्या, “बस.”

मग त्यांनी मला दारव्ह्याची गोष्ट सांगितली.

नोकरीची पहिली वर्षं होती. एका दुपारी अमरावतीहून एक कॉल आला. तिकडचा माणूस रडत होता. म्हणाला, पाटलांकडे निरोप द्या, बाबा गेले, लवकर निघा. एवढं बोलून लाईन तुटली. गावात पाटलांचे चार फोन. काकूंना त्यांतले एक पाटील चांगले माहीत होते, त्यांच्या सुनेचं माहेर अमरावतीकडचंच होतं. काकूंनी विचार केला, हेच असणार. तिथं फोन लावला. सूनच फोनवर आली. काकूंनी निरोप दिला.

“ते बाई फोनवर जे ओरडली,” काकू म्हणाल्या, “ते मी अजून ऐकते.”

ती सून नेसल्या लुगड्यानिशी, कडेवर लेकरू घेऊन बसमध्ये बसली. रस्ताभर रडत गेली. गावी उतरून घराच्या वळणावर आली तर बाप ओट्यावर बसून दाढी करून घेत होता. ती तिथंच रस्त्यात बसली. तिचं ठीक झालं, काकू म्हणाल्या, लोक नंतर हसलेसुद्धा. पण ज्या पाटलांचे वडील खरंच गेले होते, त्यांना निरोप रात्र उलटल्यावर कोणाकडून तरी मिळाला. गेलेल्याचा हा मुलगा पोहोचला तेव्हा राख थंड झाली होती.

“तो मुलगा एक्स्चेंजमध्ये आला. मले वाटलं, मारंल. मारलं नाही. एवढंच म्हणाला, बाई, चार फोन होते तं चारही ठिकाणी इचारायचं असतं ना. तवा कोणी मले लिहून नव्हतं दिलं, की समजलं नाही तं इचार. मले वाटलं समजलं. हुशार होती ना मी.”

मी दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. सरांना पाटलांची गोष्ट सांगितली नाही, ती माझी नव्हती. पाच कागद टेबलावर मांडले आणि म्हटलं, “सर, तुम्ही मशीन व्हा.” सरांनी चहा पिता पिता दोनदा चुकीचा कागद उचलला. तिसऱ्या वेळी त्यांनी कप खाली ठेवला. “बरं,” ते म्हणाले, “बंद आणि कुलूप, ह्या दोन्हींचं लांब राहू दे. बाकी छोटं.” मी त्यांच्यासमोरच काकूंचे शब्द टाकले. एक अक्षर बदललं नाही.

पुढे महिन्याभरानं काकू स्वतःच आमच्या ऑफिसात येऊन बसायला लागल्या, तेही सरांनी घरी येऊन विनंती केल्यावर. खुर्ची भिंतीला टेकवून, कॅलेंडरची पानं मांडीवर. कॉम्प्युटरला त्यांनी कधी बोट लावलं नाही. आमच्या एकेका टूलची त्यांनी उलटतपासणी केली. मशीनला आम्ही ‘त्रुटी सात’ असं उत्तर पाठवायचो, त्यावर त्या फार चिडल्या. “लाईन लागत नाही, एवढं म्हणून आम्ही कधी फोन ठेवला नाही. ‘पुसदची लाईन गुंतली आहे, वीस मिनिटांनी करा’ असं सांगत होतो. काय बिघडलं आणि आता काय करायचं, दोन्ही सांग.” दोन टूलं एकसारखी वाटली तर म्हणायच्या, “जुळ्या पोरी आहेत, एकीच्या गालावर तीट लाव.” आमच्यातल्या एकाला त्यांनी ‘डेटा आणते’ या दोन शब्दांवर पाऊण तास उभं केलं: कोणता, कुठून, किती जुना, आणि नसला तर? तो पोरगा आजही काही लिहिलं की आधी मला विचारतो, “काकू काय म्हणतील?” पण हे सगळं नंतरचं. त्याच्या आधी ती डिसेंबरातली सकाळ आली.

दारव्ह्याकडच्या गावात डब्या लागून पंधरवडा झाला होता. गव्हाला, हरभऱ्याला पाणी सुरू होतं. तक्रारींचा फोन माझ्या टेबलावर असे. अकराच्या सुमारास तो वाजला. बाईचा आवाज, तापलेला.

“हॅलो! आमची मोटर काहून लागून नाही राह्यली? लाईट येऊन अर्धा घंटा झाला. आजूबाजूच्या सगळ्यायच्या लागल्या. मी माह्या फोनवरून बोलली तं तुमची मशीन म्हणते कुलूप आहे, ज्यानं लावलं तोच काढंल. आता मी का चोर हावो? वावर माह्यं, मोटर माही!”

मी त्यांचा नंबर टाकून पडद्यावर त्यांची मोटर काढली. लाल रंगात ‘कुलूप’. बाजूला बटण होतं, ‘कार्यालयातून काढा’. ते आम्हीच ठेवलं होतं, अडीअडचणीला. सर माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. त्यांना फोनवरचा आवाज ऐकू येतच होता.

“सोडून टाक ना,” ते हळूच म्हणाले. “पूर्ण गट पाहून राहिलाय आपल्याकडे. पहिल्याच महिन्यात बोंब नको.”

माझा माउसचा बाण बटणावर गेला होता. हे मी लपवत नाही. बाई ओरडत होत्या, मागं सर उभे होते, आणि बोट खाली यायला किती वेळ लागतो? बटणाच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. कारणाची ओळ. एजंटनं लिहून ठेवलेली, जशीच्या तशी.

‘मोटर बंद कर बाप्पा, मी विहिरीत उतरून राह्यलो, केबलचा जॉइंट सुटला.’

पाऊण तासापूर्वीची.

मी ती मोठ्यानं वाचली. सरांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता, तो निघून गेला.

“ताई,” मी फोनवर म्हटलं, “तुमचे मालक कुठं आहेत?”

“दारव्ह्याले गेले. टेप आणाले.”

“कधी गेले?”

“सकाळीच. चहा पिऊन.”

“परत आले का?”

“आले असते तं घरी नसते आले?” त्या म्हणाल्या. आणि मग त्यांचा आवाज जरा उतरला. “कायले इचारता?”

काकूंनी सांगितलेली एक गोष्ट मला तेव्हा आठवली, की वाईट शंका असली तर आधी काम सांगायचं, शंका नंतर. “ताई, तुम्ही आत्ता कुठं आहात?”

“धुऱ्यावर, वावराच्या कडेले. पाईप बदलून राह्यली.”

“विहीर किती लांब?”

“तुरीच्या पल्याड.”

“फोन कानालाच धरा आणि विहिरीपर्यंत जा. मी इथंच आहे. मोटर लागणार नाही. कोणीही लावू शकत नाही. फक्त जा आणि आत पाहा.”

त्या निघाल्या. आधी चालत, मग पळत. मला वाळल्या तुरीची सळसळ ऐकू येत होती, बांगड्या, श्वास. एकदा ठेच लागली असावी, “अगाई” म्हणाल्या. ऑफिसात कोणी हलत नव्हतं. मला वाटलं, सकाळी मालक उतरले तेव्हा कुलूप लागायच्या आधी काही झालं असेल तर? पाय घसरला असेल तर? पाऊण तास माणूस वर का येत नाही?

“अहो!” फोनमधून हाक आली. मग अजून मोठ्यानं, “ओऽ! अहो!”

काही नाही.

आणि मग खोलातून, विहिरीतून घुमत, चिडलेला आवाज आला, “आवो काय व्हय? कायले बोंबलून राह्यली?”

मी डोळे मिटले. सर खाली फरशीवरच बसले. फोनमध्ये त्या बाई एका दमात रडत होत्या आणि शिव्या देत होत्या.

“सांगून नाही उतरता येत? मी मोटर लावून राह्यली होती!”

“सांगून तं उतरलो.”

“कोणाले सांगतलं? मशीनले सांगतलं तुमी! बायकोले कोण सांगीन?”

कड्या धरून वर यायला त्यांना दोनेक मिनिटं लागली. जॉइंट कापून, वायरी सोलून, नवा टेप गुंडाळायला ते बसले होते, काम किचकट होतं म्हणून वेळ लागला. खाली रेंज नव्हती, आवाज पोहोचत नव्हता. लाईट गेली होती हेही त्यांना ठाऊक नव्हतं, आली हेही नाही. बाईंनी फोन त्यांच्या हातात दिला.

“म्याडम, लाईट आलती काय?”

“हो दादा. अर्धा तास झाला.”

 ते म्हणाले, “दोन्ही वायरी उघड्या होत्या माह्या हातात.”

मी विचारलं, “आता जॉइंट झाला का?”

“झाला.”

“मग तुम्ही ‘कुलूप काढ’ म्हणा, मोटर लागेल.”

“लावतो,” ते म्हणाले. “आत्ताच नाही. आधी घरी जाऊन बसतो जरासा. हिले पण बसवतो.”

फोन ठेवल्यावर आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो, मग एकदम हसायला लागलो. सरांनी माठातलं पाणी माझ्यासाठी आणलं आणि स्वतःच पिऊन टाकलं. म्हणाले, “तू घरी जा आज.” मी दाराशी पोहोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. “त्या काकूंना… नको, मीच येईन बोलायला.”

घरी पोहोचले तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. काकू जेवून पेपर घेऊन बसल्या होत्या. मी चप्पलही न काढता सगळं सांगितलं, भसाभसा, पुढचं मागं. त्यांनी मधेच थांबवलं. “पहिल्यापासून. कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत.” मी पहिल्यापासून सांगितलं. त्या पूर्ण ऐकून घेत होत्या, पेन हातात तसंच.

मला वाटलं, आता त्यांना आनंद होईल. त्यांनी विचारलं, “मशीनले कारण माहीत होतं?”

“हो. तुम्हीच लिहायला सांगितलं होतं ना.”

“मग तिनं मोटर लाव म्हटलं, तवा मशीननं तिले ते काहून नाही सांगितलं? निस्तं कुलूप आहे म्हणाली. खाली तुहा नवरा आहे असं काहून नाही म्हणाली?”

 खरंच, ते आम्ही कुठंच लिहिलं नव्हतं. कारण ठेवायला सांगितलं होतं, द्यायला नाही. त्या बाईनं ऑफिसला फोन केलाच नसता, दुसरा काही मार्ग काढला असता, जाऊन डबीचीच वायर काढून सरळ जोडली असती तर? तसं करणारे लोक आहेत. बायकाही आहेत.

“चुकली मी,” काकू म्हणाल्या. उठून त्यांनी कॅलेंडरचं पान फाडलं. आणि लिहिलं:

‘कुलूप असताना दुसरं कोणी मोटर लाव म्हटलं तर नुसतं नाही म्हणू नये. खाली कोण आहे, कशासाठी उतरला आहे, हे त्याच्याच शब्दांत सांगावं. विहिरीवर जाऊन पाहायला सांगावं.’

“आत्ता पाठव. उद्या नाही.”

मी सरांना फोन करून वाचून दाखवलं. या वेळी लांबीबद्दल ते काही बोलले नाहीत. पाच मिनिटांत त्यांनी ते टाकलं आणि तपासायला मला माझ्या फोनवरून विचारायला लावलं. ऑफिसच्या मोटरीला त्यांनी खोटंच कुलूप लावलं होतं. मी फोन काकूंच्या तोंडासमोर धरला.

“मोटर लाव,” काकू म्हणाल्या.

“मोटरीला कुलूप आहे,” फोनमधून उत्तर आलं. “लावणाऱ्यानं सांगितलं होतं, ‘मी खाली उतरलो आहे, पाईप पाहतो.’ कृपया आधी विहिरीवर जाऊन त्यांना आवाज द्या. ते वर आल्यावर स्वतः सांगतील तेव्हा मी कुलूप काढीन.”

काकूंनी ते दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ‘मोटर लाव’ म्हणाल्या नाहीत. चष्मा न काढताच दिवाणावर आडव्या झाल्या, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं त्या विचार करताहेत. थोड्या वेळानं श्वास लांब लांब यायला लागला. काकू दुपारी झोपत नसत, त्या दोन वर्षांत मी एरवी कधी पाहिलं नाही. मी हळूच चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि पंखा एकनं कमी केला.

किती वाजता उठवायचं, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. मीही उठवलं नाही.